तिचा ‘थांबा’ तुला ऐकू येतो का?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री वाचला. दिवसभराचं फॅशन फोटोशूट, तीन साड्या, दोन वेस्टर्न लूक, स्टुडिओत मोठा स्पीकर, एकाहून एक गाणी, मॉडेल खुशीत, क्लायंट खुशीत. आणि घरी येऊन निवडायला बसलास तर सातशे फ्रेममधून धड दहा निघेनात. कुठे डोळे अर्धे मिटलेले, कुठे ओठ वाकडे, कुठे हात भलत्याच हालचालीच्या मधोमध. आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘गाणी चुकली का? तुमची प्लेलिस्ट पाठवाल का?’

प्लेलिस्ट पाठवणार नाही. माझी प्लेलिस्ट तुझ्या कामाची नाही आणि तुझी स्वतःचीही नाही, कारण गाणं समोर उभ्या असलेल्या माणसासाठी लावायचं असतं. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि हे पत्र तेवढ्याचसाठी लिहितेय. शूट चालू असताना मॉडेलने हळू आवाजात ‘थांबा’ म्हटलं, तर ते तुला ऐकू आलं पाहिजे. कुठलं गाणं, कुठली लय, कुठला स्पीकर हे सगळं त्याच्या मागून.

हळू आवाजात, असं मुद्दाम म्हणतेय. ओरडून म्हटलेला ‘थांबा’ कुणालाही ऐकू जातो. मॉडेल ओरडत नाही. निऱ्यांची पिन टोचते, नथीची तार नाकपुडीत रुतते, ब्लाउजला मागून लावलेली क्लिप सुटते, नको तिथे उभं राहून कुणीतरी टक लावून बघत असतं. ती एकदा सांगते, पुटपुटल्यासारखं. कुणी वळलं नाही की गप्प राहते आणि ते सगळं अंगावर घेऊन उभी राहते. मग खांदे कानांकडे सरकतात, जबडा आवळतो, बोटं ताठ होतात. तुला वाटतं मूड गेला, अजून उडतं गाणं लावू. अरे, मूड कुठे गेला ते तिने सांगितलं होतं, तुझ्यापर्यंत पोहोचलं नाही एवढंच.

आता आवाज किती ठेवायचा ते. शूट सुरू होण्याआधी असिस्टंटला मॉडेल उभी राहते त्या खुणेवर उभं कर. तू ज्या जागेवरून काढणार तिथे जा, डोळा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला लाव, गाणं चालू ठेव. जेवताना मीठ मागतो त्या आवाजात त्याला ‘थांबा’ म्हणायला सांग, पण कधी म्हणणार ते आधी सांगू नको म्हणावं. तू वळला नाहीस तर आवाज दोन पायऱ्या खाली आणि पुन्हा तेच. दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक ते करत नाहीत. का करत नाहीत, मला आजवर कळलेलं नाही.

ही परीक्षा एकदाच घेऊन भागत नाही, कारण लेन्स बदलली की अंतर बदलतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ एमएमच्या लेन्सने पूर्ण उंची घेताना तू साडेचार-पाच मीटर मागे असतोस. त्याच लेन्सने चेहरा आणि खांदे घेताना दीड-पावणेदोन मीटरवर. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतं. स्टुडिओत भिंती थोडा आवाज परत देतात, त्यामुळे एवढं उतरत नाही. तरी पाच मीटरवर तिचं बोलणं पन्नाशीच्या आसपास आलेलं असतं. तुझ्या कानाशी गाणं ६५ वर वाजत असेल तर ते त्याच्याखाली गाडलं गेलं. फोनमधलं डेसिबल मोजणारं ॲप फार अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. म्हणून क्लोजअपवरून फुल लेंग्थला जाताना गाण्याचा आवाज खाली यायला हवा. सगळे नेमकं उलट करतात: फुल लेंग्थ म्हणजे मूव्हमेंट, मूव्हमेंट म्हणजे मोठा आवाज. ब्लोअरचंही तेच. केस उडवायला पंखा सुरू झाला की त्याच्या घरघरीवर मात करायला गाणं वाढवतात. ब्लोअर चालू असताना गाणं कमी कर, आणि आधीच ठरवून ठेव की तिने तळहात वर केला की सगळं बंद. ऐकू येणार नाही तिथे दिसलं तरी पाहिजे.

स्पीकर कुठे ठेवलास ते तू लिहिलं नाहीस. मेकअप रूमच्या दाराशी असणार, कारण तिथे प्लग असतो. आवाज जिथून येतो तिकडे नजर ओढली जाते, लहान मुलांची तर हमखास. दाराशी स्पीकर म्हणजे दर दुसऱ्या फ्रेमला बुबुळं कोपऱ्यात. स्पीकर तुझ्या मागे, कॅमेऱ्याच्या रेषेत, थोडा बाजूला ठेव; तोंड मॉडेलकडे, पण सायक्लोरामाच्या, म्हणजे जमिनीत गोल वळणाने मिसळणाऱ्या मागच्या गुळगुळीत भिंतीवर सरळ आदळेल असं नको, ती भिंत आवाज फेकून परत देते आणि बोलणं गढूळ होतं. लाइट स्टँडच्या पायाशी तर मुळीच नको, केबलमध्ये पाय अडकून वरचा सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारी ती पेटी, खाली येतो.

संगीताचा खरा उपयोग मला विचारशील तर तो लॅपटॉपपाशी आहे. टेदर लावलेल्या, म्हणजे कॅमेऱ्याला वायरने जोडलेल्या स्क्रीनभोवती क्लायंट, स्टायलिस्ट, एजन्सीचे दोघे उभे राहून कुजबुजतात. ते बहुतेक वेळा साडीच्या काठाबद्दल बोलत असतात. मॉडेलला वाटतं आपल्याबद्दल. मंद गाणं ती कुजबूज झाकतं. म्हणून शक्य असेल तर दुसरा छोटा स्पीकर त्या टेबलाजवळ ठेव, हळू आवाजात. कुजबूज झाकली गेली पाहिजे, ‘थांबा’ नाही.

आता लयीकडे येते, कारण तुझी निम्मी फसगत तिथे झालीय. १२० बीपीएमचं गाणं म्हणजे मिनिटाला १२० ठोके, सेकंदाला दोन. सराईत मॉडेल दोन ठोक्यांना पोझ बदलते, म्हणजे सेकंदाला एक. तुझे स्पीडलाइट, म्हणजे बॅटरीवरचे छोटे फ्लॅश, पूर्ण ताकदीवर पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेतात. म्हणजे प्रत्येक पेटलेल्या फ्लॅशमागे एक-दोन पोझ वाया, आणि तू न थांबता दाबत राहिलास तर अंधारलेल्या फ्रेम. त्यात फ्लॅश भरला की जी ‘टिक’ वाजते, तिच्यावर अनुभवी मॉडेल हालचाल बेतते. ती तुझ्या स्पीकरने गिळून टाकली. मग मॉडेल गाण्याच्या मागे, तू फ्लॅशच्या मागे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि फोटो मात्र दोन हालचालींच्या मधला. उपाय सोपा आहे. फ्लॅशची ताकद एक-चतुर्थांशवर आण, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० वरून ४०० कर. उजेड तेवढाच राहतो, फ्लॅश झटक्यात भरतो. नाहीतर ६० ते ८० बीपीएमचं गाणं लाव. एलईडीवर सायलेंट शटरने काढत असशील तर निदान शटरचा आवाज चालू कर, नाहीतर फोटो निघाला की नाही हे तिला कळायला काहीच उरत नाही.

कपड्यांच्या कॅटलॉगला साधारण १०० बीपीएम बरं पडतं. एका पोझला चार ठोके म्हणजे अडीच सेकंदांना थोडं कमी. समोरून, बाजूने, मागून आणि एक हाताची, अशा चार पोझ दहा सेकंदांत होतात आणि कुणाची दमछाक होत नाही.

लय उपयोगी कशी पडते हे बघायचं असेल तर उडता पदर घे. शिफॉनची साडी, १२० चं गाणं, शक्यतो केरव्याच्या अंगाचं, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन कानात आपोआप बसतं. असिस्टंट फ्रेमच्या बाहेर गुडघ्यावर बसलेला, पदराची दोन टोकं त्याच्या चिमटीत. मोजणी तू करायची, मोठ्याने, कोरिओग्राफर करतात तशी: फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. ‘एट’ला तो पदर वर फेकतो, सोडतो आणि हात मागे घेतो. पदराच्या पोटात हवा भरते. ‘वन’ला, म्हणजे अर्ध्या सेकंदाने, काठ सगळ्यात वर असतो, तिथे क्लिक. ती मान वळवते तीही ‘वन’लाच. उरलेल्या सात ठोक्यांत, साडेतीन सेकंदांत, फ्लॅश भरतो आणि असिस्टंट टोकं पुन्हा धरतो. पैठणी असेल तर जरीच्या वजनाने पदर लवकर कोसळतो. क्लिक ‘वन’च्या किंचित आधी. तिघांना एकच मोजणी ऐकू येते म्हणून हे जमतं. आणि तुझी मोजणी ऐकू यायची तर आवाज किती हवा, ते वर लिहिलंच आहे.

ओठ वाकडे का आले, तेही सांगते. तू तिच्या ओळखीची गाणी लावलीस. चांगलंच केलंस, पण ब्युटी क्लोजअपला नको. पाठ असलेलं गाणं लागलं की ओठ आतल्या आत म्हणू लागतात. तिला कळत नाही, तुला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, पण स्क्रीनवर शंभर टक्क्यांनी बघितलंस की ओठ ‘ओ’ आणि ‘उ’च्या मधे अडकलेले. चेहरा, दागिने, नथ, लिपस्टिक यांना बिनशब्दांचं संगीत: बासरी, संतूर, पियानो. दागिन्यांना तू एफ ११ ते १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, फोकस इंचाइंचाने लावलेला असतो. ढोलकी लागली की कंबर हलते, कंबर हलली की गळा हलतो आणि लॉकेट फोकसमधून बाहेर. शब्दांची गाणी मेकअपच्या वेळी आणि चालण्याच्या, वळण्याच्या शॉटला. आयलायनर लागत असताना मात्र तिथेही नाचरं काही नको.

आदल्या दिवशी तिला मेसेज टाक: तीन आवडती गाणी कळवा आणि एक असं, जे नकोच. हा दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. तिचा भूतकाळ तिने तुला सांगायची गरज नाही, गाण्याचं नाव पुरे. आणि द्व्यर्थी, अंगचटीचे शब्द असलेली गाणी सेटवर नकोत, मग कपडे कुठलेही असोत, मॉडेल बाई असो की पुरुष. यावर मी वाद घालणार नाही.

फोनचं पटकन सांगते. गाण्यांसाठी सिम नसलेला वेगळा फोन घे, गाणी डाउनलोड करून ठेव, जाहिराती नसलेली सेवा घे. ऐन शॉटमध्ये कर्ज हवंय का म्हणून कॉल वाजला की पाच मिनिटांची कमाई जाते. दोन गाण्यांमधली शांतता मॉडेलला खाली आणते, म्हणून क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच दुसरं सुरू होणं, पाच-सहा सेकंद. एका लूकला एखादं गाणं लागू पडलं तर तेच फिरवत ठेव आणि कॉलशीटवर, म्हणजे शूटच्या वेळापत्रकावर, त्या लूकपुढे लिहून ठेव, रीशूटला कामाला येतं. फ्लॅश मधेच चुकत असतील तर बॅटरीला दोष देण्याआधी हे बघ: ब्लूटूथ, वायफाय आणि फ्लॅश पेटवणारे बरेचसे वायरलेस ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. ट्रिगरचं चॅनल बदल, फोन आणि स्पीकर फ्लॅशच्या रिसीव्हरपासून लांब ने, तरीही चुकले तर स्पीकरला सरळ वायर लाव. बिहाइंड द सीन्स व्हिडिओ काढणारा असेल तर त्याच्या टेकपुरतं गाणं बंद. मागे वाजणारं गाणं सोशल मीडियावर कॉपीराइटमुळे म्यूट होऊ शकतं आणि कट मारला की सूर तुटतो. तुझा स्टुडिओ सोसायटीत आहे, तेव्हा रात्री १० नंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे हेही ध्यानात ठेव. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, दिवसाची मर्यादा ५५.

माझ्या सेटवर पहिली दहा मिनिटं गाणं नसतं. त्यावरून मला जुनाट म्हणतात, सेट मेल्यासारखा वाटतो म्हणतात. म्हणू देत. त्या दहा मिनिटांत मी तिचा आवाज ऐकते: साधं बोलताना किती मोठा, अवघडली की किती खाली जातो. तो कानात बसला की मग गाण्यातून वेगळा काढता येतो. सिनेमातल्या गाण्यांच्या शूटिंगला मोठा प्लेबॅक लागतो, कारण तिथे ओठ गाण्याशी जुळवायचे असतात आणि सेटवरचा आवाज वापरायचा नसतो. तुला ओठ जुळवायचे नाहीत. मूकपटांच्या काळातही हॉलीवूडमध्ये सेटवर वादक बसवत, नटांना भाव सापडावा म्हणून. पण त्या वाद्यांवरून दिग्दर्शकाच्या सूचना नटांपर्यंत पोहोचत होत्या. मी स्वतः बरीच वर्षं आवाज मोठा ठेवत आले, सेट जिवंत वाटतो म्हणून. त्या वर्षांतले फोटो आज बघते तेव्हा मला खांदे दिसतात. सगळ्यांचे खांदे. छान कपडे, छान लाइट आणि कानांकडे सरकलेले खांदे. त्यातल्या कुणी काय पुटपुटलं असेल, ते आता कळायला मार्ग नाही. म्हणून एवढी हट्टाने सांगतेय, तुला रागावून नाही.

तुझे सातशे फ्रेम फेकू नकोस. एका बाजूला वेळ लिही, दुसऱ्या बाजूला त्या वेळी कुठलं गाणं होतं आणि तू किती अंतरावर होतास. चांगले दहा कुठल्या भागात पडतात ते बघ आणि मला कळव. गुरुवारच्या शूटला खोलीच्या लांबीचं माप टेपने घेऊन ये, आणि त्या मुलीला गाण्यांचा मेसेज आज संध्याकाळीच टाक, बुधवारी रात्री नको.

तुझी,
ताई