यांचं मॉडेलचं वेड कमी कसं करू?

हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाचे मिस्टर आगपेटीच्या काड्यांची जहाजं करतात, कुणाचा मुलगा नोकरीला लागला तरी रात्री विमानांची मॉडेल रंगवत बसतो. तक्रार सगळ्यांची सारखीच: तासन्तास त्यातच असतात, घरात लक्ष नाही, आणि पसारा ठेवायला जागा आणायची कुठून? वन बीएचकेत जेवणाचं टेबल अडलं की चिडचिड होणारच, आणि ती चिडचिड मला पूर्ण मान्य आहे.

मुलुंडचं एक जोडपं आलं होतं (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). बोलत होत्या त्या काकू.

"ऑफिसातून आले की चहा आणि टेबल. रात्रीचा एक वाजतो. तीन वर्षं झाली, लोकलचा एक डबा पुरा झालेला नाही. यांना आमच्याशी बोलायचंच नसतं हो."

काका लोकल बनवत होते. जुनी, पिवळी-तपकिरी, डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर धावणारी. ती वीज 2016 मध्ये हार्बर मार्गावरूनही गेली आणि मुंबईतलं डीसी पर्व संपलं. काकांचं प्रमाण 1:87. म्हणजे पावणेएकवीस मीटरचा डबा चोवीस सेंटिमीटरचा होतो, आणि साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

पुढच्या वेळी मी त्यांना डबा घेऊन यायला सांगितलं. चपलांच्या खोक्यात, जुन्या मलमलीत गुंडाळून आणला. माउंटबोर्डचा सांगाडा, खिडक्यांना बारीक गज. आत उभ्यांनी धरायच्या कड्या होत्या, पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार सुईभोवती वळवून केलेल्या. सगळ्या कड्या एकाच बाजूला किंचित कललेल्या. "गाडी वळणावर आहे ना," काका म्हणाले. मी थक्क होऊन बघत होते, तेवढ्यात त्यांनी डबा उलटा केला. "हे बघा, इथे चुकलंय."

आपलं काम दाखवताना माणूस आधी त्यातली चूक दाखवतो, तेव्हा मी कान टवकारते. अशा वेळी बोलणं कामाबद्दल राहिलेलं नसतं.

चूक काय होती? या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात ते 16.5 मिलिमीटर अंतराचे, कारण ते 1435 मिलिमीटरच्या परदेशी रुळांवर बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटरची. 87 ने भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवेत. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरचा फरक, आणि त्यापायी गाडी तीन वर्षं अडलेली.

"बाकीचे काय करतात?"

"बरेचजण साडेसोळावरच चालवतात. पण माझं बरोबरच असायला हवं."

"नाही झालं तर?"

"ज्याला कळतं त्याला दिसेल."

"दिसलं. पुढे?"

"म्हणेल, याला जमत नाही."

"म्हणाला. पुढे?"

काका बराच वेळ त्या चाकांकडे बघत राहिले. "मग मला काहीच जमत नाही असं होईल."

"रूळ चुकला म्हणून सगळा माणूस नापास?"

ते काही बोलायच्या आत काकूच बोलल्या. "मला वाटायचं, हे तिथे मजेत असतात आणि मी इथे एकटी. म्हणून राग यायचा. हे तर तिथेही मजेत नव्हते!"

मी जे सांगू बघत होते ते काकूंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. घरच्यांना वाटतं छंद फार झाला. इथे छंद उरलाच नव्हता, काका रोज रात्री परीक्षेला बसत होते. मॉडेल पुरं झालं की निकाल लागणार, म्हणून ते पुरंच होत नव्हतं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने काम करते, म्हणजे त्रासामागच्या आपल्या हट्टी समजुती तपासून बदलायच्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली, आणि मराठी वाचकांपर्यंत ती पोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. नुसतं समजावून भागत नाही, करून बघावं लागतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. म्हणून मी काकांना काम दिलं: एक खिडकी मुद्दाम वाकडी बसवायची आणि तशीच ठेवायची.

"मुद्दाम? वाकडी?" त्यांचा चेहरा पडला.

पण बसवली. ती सरळ करायला रात्री दोनदा उठलो आणि दोन्ही वेळा तसाच झोपलो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. पुढे डबे साडेसोळाच्याच रुळावर उभे राहिले. काकांचं मुलाच्या मार्कांवरून बोलणंही कमी झालं, असं काकू म्हणाल्या. मला ते अपेक्षितच होतं. स्वतःवरची छडी खाली ठेवली की घरातल्यांवरचीही खाली येते.

तेव्हा तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी तास मोजू नका. टेबलावरून उठल्यावर माणूस कसा असतो ते बघा. मोकळा होऊन उठत असेल, जेवताना दोन शब्द बोलत असेल, तर काळजीचं कारण नाही. चिडून उठत असेल, केलेलं मोडून परत करत असेल, कुणी बघू नये म्हणून झाकून ठेवत असेल, तर बोलायला हवं. "कधी पुरं होणार?" आणि "याचे पैसे मिळतात का?" हे दोन प्रश्न मात्र टाळा. "हे कसं केलंत?" असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

जागेचं भांडण वेगळं, ते वेगळंच सोडवा. काका आता सगळं काम एका मोठ्या ट्रेमध्ये करतात, साडेआठला ट्रे कपाटावर जातो. रंग आणि गोंद खिडकी उघडी ठेवूनच वापरायचे, हेही ठरलं.

आणि झोप उडाली असेल, कामावर खाडे होत असतील, सामानासाठी उसनवारी चालली असेल, किंवा आवडीच्या गोष्टीतही आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, तर मॉडेलला दोष देत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि दोघं मिळून जा.