टर्बोचा पाइप बदलला आणि पासिंग अडकले

प्रश्न : माझा 2013 चा सहाचाकी, बीएस-3 (जुन्या प्रदूषण मानकाचा) डिझेल ट्रक मी स्वतःच चालवतो. पिंपळगाव बसवंतहून वाशीला कांदा नेतो आणि परतीचा माल आणतो. टर्बोला (इंजिनात जादा हवा भरणाऱ्या यंत्राला) लागून असलेला, धूर बाहेर नेणारा डाऊन पाइप फ्लँजच्या (जोडाच्या चकतीच्या) वेल्डिंगपाशी तडकला. कंपनीचा पाइप मिळेना, म्हणून एका फॅब्रिकेटरकडून अडीचऐवजी तीन इंची पाइप बनवून बसवला. भरल्या गाडीला कसारा घाटात ओढ राहावी म्हणून माझ्याच सांगण्यावरून त्याने डिझेल पंपही थोडा ‘वाढवून’ दिला, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल जाईल असा केला. पुढे रस्त्यात बेकायदा बदलाचे ई-चलन आले आणि पासिंगला ‘सायलेन्सर लाइन मूळ नाही, धूर जादा’ असा लेखी शेरा मारून गाडी नाकारली. फॅब्रिकेटर 18,500 रुपये परत द्यायला तयार नाही. मी काय करावे?
— एक ट्रकमालक, आडगाव, नाशिक

उत्तर : आपल्या पत्राचा रोख सगळा पाइपवर आहे, परंतु मला काळजी वाटते ती पंपाची. ही दोन कामे एकाच दिवशी, एकाच माणसाने केली असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती निराळी आहेत, आणि आपल्या बचावाचे बळ ती निराळी ठेवण्यातच आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 च्या निकालात हे बंधन काटेकोरपणे पाळण्यास सांगितले आहे. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ या शब्दाचा अर्थही दिलेला आहे : वाहनाच्या रचनेतील असा फरक, की ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्यच बदलते. तडकलेल्या पाइपच्या जागी, त्याच वाटेने जाणारा आणि त्याच सायलेन्सरला जोडलेला दुसरा पाइप बसवणे ही दुरुस्ती आहे, असा युक्तिवाद मी आपल्या वतीने निःसंकोच करीन. अर्धा इंच वाढीव व्यास हा त्यातील कच्चा दुवा आहे हे मान्य करावे लागेल, परंतु आर.सी. बुकात डाऊन पाइपचा व्यास कुठेही लिहिलेला नसतो. अश्वशक्ती मात्र नोंदलेली असते, आणि पंप वाढवून आपण नेमका तिलाच हात घातला आहे.

धुराचेही तसेच आहे. टर्बोनंतरचा पाइप रुंद झाल्याने एक्झॉस्टचा मागचा दाब कमी होतो. तेवढ्याने काळा धूर वाढण्याचे कारण नाही. हवेच्या मानाने डिझेल जास्त गेले की काळा धूर येतो, आणि पंपाचा स्क्रू फिरवल्यावर तेच घडते. बीएस-3 गाडीसाठी फ्री ॲक्सिलरेशन चाचणीत (उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घेतलेल्या चाचणीत) धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचे माप) इतकी आहे. बीएस-4 गाड्यांना हीच मर्यादा 50 युनिट आहे. म्हणजे आपल्या जुन्या गाडीला कायद्याने मुळातच सवलत दिलेली आहे आणि तीही आपली गाडी ओलांडत असेल, तर पाइपची बाजू कितीही चांगली मांडली तरी तिचा उपयोग होणार नाही. प्रदूषणाची मानके मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास कलम 190(2) खाली पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. जो माणूस स्वतःच स्टिअरिंगवर बसतो, त्याला दंडापेक्षा लायसन्स जाणे महाग पडते.

म्हणून सर्वप्रथम गाडी चांगल्या पंपवाल्याकडे नेऊन पंपाचे कॅलिब्रेशन (डिझेल सोडण्याचे माप) कंपनीच्या मापाने करून घ्यावे, त्याचे बिल घ्यावे आणि त्यावर गाडीचा क्रमांक व पंपाचा क्रमांक लिहून घ्यावा. त्यानंतर पीयूसी काढावी. आपण पाठवलेल्या छायाचित्रात फ्लँजभोवती काजळीचे काळे कडे स्पष्ट दिसते, म्हणजे गॅस्केटमधून (जोडातल्या पॅकिंगमधून) गळती आहे. आणि ब्रेकची हवेची नळी पाइपपासून जेमतेम दोन बोटांवर असून तिच्या बाजूची उष्णतारोधक पट्टी सुटून लोंबते आहे. तपासणी अधिकाऱ्याच्या जागी मी असतो, तर मीही गाडी पास केली नसती. शक्य असल्यास याच वेळी अडीच इंची पाइप बनवून घ्यावा, म्हणजे वर सांगितलेला कच्चा दुवाही उरणार नाही. जुना तडकलेला पाइप भंगारात घालू नये. ‘दुरुस्ती’ हा आपला शब्द खरा ठरवणारा पुरावा तोच आहे.

एवढे झाल्यावर गाडी पेठ रोडच्या कार्यालयामार्फत फेरतपासणीला न्यावी. तरीही केवळ ‘मूळ पाइप नाही’ एवढ्याच कारणाने नकार मिळाला, तर लेखी आदेश मागून घ्यावा, कारण कलम 57 खालील अपिलाची 30 दिवसांची मुदत आदेशाची सूचना मिळाल्यापासून मोजली जाते. दरम्यान ट्रक रस्त्यावर आणू नये. कलम 56 नुसार योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन वैधरीत्या नोंदलेलेच मानले जात नाही, आणि अशा स्थितीत अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवील. कांद्याचा हंगाम चालू आहे हे मी जाणतो; एखादी खेप भाड्याच्या गाडीने पाठवणे यापेक्षा स्वस्त पडेल.

ई-चलन बहुधा कलम 182अ(4) खालचे असावे. सुटे भाग बसवून केलेल्या बेकायदा बदलाला त्यात प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. हा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटवता येतो, आणि सामान्यतः मी अशिलांना रक्कम भरून मोकळे व्हा असेच सांगतो. आपल्या बाबतीत मात्र घाई करू नये, कारण आज शुल्क भरले आणि उद्या अपिलात ‘हा बदल नव्हेच’ असे म्हटले, तर दोन्ही भूमिका एकमेकींना छेद देतील. आधी छायाचित्रे आणि बिले जोडून चलनावर लेखी हरकत घ्यावी.

राहिला फॅब्रिकेटर. एकच ट्रक स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ‘ग्राहक’ ठरू शकतो, कारण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेला वापर ‘व्यापारी हेतू’ मानला जात नाही. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. परंतु पंप आपणच वाढवायला सांगितला असल्याने त्या कामाचे पैसे मागू नयेत. प्रामाणिकपणाचा भाग सोडला तरी, उलटतपासणीत ती गोष्ट बाहेर येईलच आणि मग सदोष वेल्डिंगची खरी तक्रारही संशयास्पद ठरेल. मागणी फक्त गळक्या जोडाच्या आणि नळीला खेटून बसवलेल्या पाइपच्या खर्चापुरती ठेवावी, आणि तीही आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून, पंधरा दिवसांची मुदत देऊन. आपल्याजवळच्या चिठ्ठीवर नुसते ‘पाइप काम 18,500’ असे लिहिलेले आहे. नोटिशीपूर्वी त्याच्याकडून कामाचा तपशील असलेले पक्के बिल मिळवता आले तर पाहावे, कारण नोटीस हाती पडल्यावर तो ते देणार नाही.