पाळी चालू असेपर्यंत बायकांना हार्ट अटॅक येत नाही, हे खरं आहे का?

खोटं आहे. माझ्या आईला आला तेव्हा ती ४७ वर्षांची होती आणि पाळी नियमित होती.

गौरीजेवणाचा दिवस होता. सकाळपासून तिचा डावा जबडा ठणकत होता. मशेरीची सवय, म्हणून दाढच असणार असं तिनंच ठरवलं आणि लवंग धरली. पोळ्या लाटता लाटता दोनदा लाटणं ठेवून ओट्याला टेकली. विचारलं तर म्हणे, "पाठ भरून आलीय, पंगत उठू दे." संध्याकाळी उलटी झाली. दादा म्हणाला, पुरणाचं पित्त. जवळच्या दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे ब्लाउज पिळून काढावा इतका घाम. मिरजेला नेलं तेव्हा रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं. स्टेंट टाकली, जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, ३५ टक्क्यांवर आलं. आता एक जिना चढायचा तर मध्ये बसते.

पाळीच्या वयात इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे धोका कमी असतो, तुमच्या प्रश्नात खरं एवढंच. मधुमेह असला की ते संरक्षण बरंचसं जातं. आईला सहा वर्षांपासून शुगर होती. माझ्या वेळी गरोदरपणात बीपी वाढून अंगावर सूज आली होती, तेही पुढे हृदयाला भोवतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि मशेरी म्हणजे तंबाखूच.

दादा अजून म्हणतो, "ईसीजी नॉर्मल होता, कुणाला कळणार?" पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात, म्हणून दोन्ही तपासण्या परत करायच्या असतात. अप्पांच्या छातीत कळ आली होती तेव्हा याच दादानं रात्री दोनला गाडी काढली होती, आणि तो निघाला गॅस. आईच्या वेळी चावी रात्रभर खुंटीला होती. मी मिरजेला जाऊ म्हटलं तर "सणासुदीचं अभद्र बोलू नकोस" हे ऐकावं लागलं.

मी डॉक्टर नाही. प्रत्येक जबडादुखी हृदयाची नसते, आणि बायकांच्याही बहुतेक वेळा छातीतच दुखतं. पण शुगर-बीपी असलेल्या बाईला जबडा, पाठ, मळमळ, दम, घाम यातलं अचानक काही सुरू झालं तर १०८ ला फोन करा. तिला विचारत बसू नका. आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "उद्या गौरी बोळवल्या की जाऊ."