राजीनाम्याआधी एक महिना

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी जाताना उंबऱ्यात थांबून तू म्हणालीस, "सर, तिथं आता काही उरलं नाही." ते माझ्या मनातून गेलेलं नाही. डिप्लोमा झाल्या झाल्या चाकणला लागलीस, चार वर्षं चार महिने झाले आणि अजून फायनल इन्स्पेक्शनच्याच टेबलावर आहेस. पगार थोडाफार वाढतो, हुद्दा तोच. साहेब तिसऱ्या वर्षीही म्हणाले, "पुढच्या अप्रायझलला बघू." तुझा राग मला पटतो. पण दारात उभ्या उभ्या उत्तर द्यावं असा हा विषय नव्हता, म्हणून लिहितोय.

भोसरीच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं त्याच टेबलावर होतो. बोअर गेज, मायक्रोमीटर आणि ओके-रिजेक्टचे शिक्के. सहाव्या वर्षी शेजारच्या खोलीत सीएमएम, म्हणजे पार्टची मापं कॉम्प्युटरवर घेणारं मशीन आलं, काचेच्या दाराआड, एसीत. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. माझ्यानंतर लागलेला एक मुलगा मात्र डबा लवकर संपवून रोज तिथं जाऊन उभा राहायचा. दोन वर्षांत तो स्वतः प्रोग्रॅम लिहू लागला. कंपनीची चूक होतीच, नऊ वर्षांत मला एका दिवसाचं ट्रेनिंग दिलं नाही. तरी ते दार उघडं होतं आणि मी ते ढकलून पाहिलं नाही, हे मला आजही सलतं.

म्हणून मला आधी एवढंच कळायला हवं, की शिकण्यासारखं तुझ्या टेबलावर संपलंय की अख्ख्या कंपनीत?

एक महिना घे. रोज तुझ्या हाताखालून जो पार्ट जातो, त्याचा कंट्रोल प्लॅन, म्हणजे कोणतं माप किती वेळा आणि कसं तपासायचं त्याचा तक्ता, मागून घे. एखादं माप दर तासाला पाच पीसवर तपासायचं असेल तर पाचच का, तासालाच का, हे ज्यानं ठरवलं त्याला जाऊन विचार. मग त्याच पार्टचा एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं आणि त्याचा धोका किती याचा तक्ता, बघायला माग. 2019च्या एफएमईए हँडबुकनंतर आरपीएन, म्हणजे दोषाची तीव्रता, शक्यता आणि तो पकडणं किती अवघड यांच्या गुणांचा गुणाकार, मागे पडून आधी कशावर काम करायचं ते सांगणारी ॲक्शन प्रायॉरिटी आली. तुमच्याकडे काय चालतं, आणि तुझ्या टेबलावर सापडणारा दोष त्या तक्त्यात कुठे बसतो, हे तुला सांगता यायला हवं. आणि पुढची कस्टमर कंप्लेंट आली की तिचं मूळ कारण आठ टप्प्यांत शोधणाऱ्या 8डीच्या टीममध्ये मला घ्या, असं साहेबांना मेल करून सांग. तोंडी सांगितलेलं शिफ्ट सुटेपर्यंतही टिकत नाही. पगाराचा विषय त्या मेलमध्ये काढू नकोस, फक्त काम माग.

त्यांनी टीममध्ये घेतलं तर वर्षभर थांब, हुद्दा बदलला नाही तरी थांब. मी पुढे बऱ्याच मुलाखती घेतल्या. एखाद्यानं मूळ कारण शोधून 8डी स्वतः लिहिलेली असली, की "कसं सापडलं?" एवढं विचारलं तरी तो वीस मिनिटं बोलायचा. नुसते शिक्के मारलेल्या माणसाला तिसरा प्रश्न काय विचारावा, हे मला सुचायचं नाही. वाईट वाटायचं, कारण तो मला माझ्यासारखाच दिसायचा.

"ते तुझं काम नाही" असं उत्तर आलं, किंवा महिनाभर काहीच उत्तर आलं नाही, तर मात्र निघ. मग पुढच्या अप्रायझलसाठी एक दिवसही घालवू नकोस.

पण दुसरं ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा नको. मी रागाच्या भरात दिला होता. पाच महिने घरी बसलो आणि शेवटी कमी पगारावर दुसऱ्या कारखान्यात तेच टेबल घेतलं.

ग्रॅच्युइटीचं तू विचारलंस. कायम नोकरीत सलग 5 वर्षं भरावी लागतात, म्हणजे तुझे आठ महिने बाकी आहेत. बेसिक आणि डीए मिळून 18,000 धरले, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. पाच वर्षांचे साधारण 52,000 होतात. बाहेर महिन्याला 6,500 जास्त मिळत असतील तर आठ महिन्यांत तेवढेच येतात. तेव्हा निव्वळ ग्रॅच्युइटीसाठी अडकून राहू नकोस. ते आठ महिने शिकण्यात जाणार असतील तर गोष्ट वेगळी.

पीएफ मात्र काढू नकोस. मैत्रिणी म्हणतील, काढ आणि गाडी घे. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर कर, म्हणजे नोकरीची वर्षं जोडली जातात. 5 वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा भरावी लागते, तीही अशीच मोजली जाते. रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस.

पुढच्या रविवारी सॅलरी स्लिप घेऊन ये, बेसिकचा नेमका आकडा बघू. ड्रॉइंग किंवा कंट्रोल प्लॅनचा फोटो काढून आणू नकोस, ते कंपनीचं आहे. काय समजलं ते तोंडी सांग. आणि मेल पाठवण्याआधी मला वाचून दाखव. चार ओळींच्या वर नको.

तुझे,
सर