सांडलेलं डिझेल खाणारं कल्चर शेतात सोडायचं का? तुमच्या प्रश्नांना उत्तरं

शेतकरी दादांनो, ताईंनो, नमस्कार. सध्या एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, टँकर उलटला नाहीतर पाइपलाइन फुटली, शेतात डिझेल किंवा ऑईल पसरलं, आता तेल खाणारे जिवाणू, म्हणजे पाकिटातलं कल्चर, टाका म्हणतायत, तर त्याने आपल्याला, जनावरांना, विहिरीला काही होणार नाही ना?

हे जिवाणू मातीत आणि समुद्रात मुळातच असतात. तेल आलं की वाढतात, तेल संपलं की उपासमारीने कमी होतात, त्यामुळे ते पिकावर पसरतील ही भीती मनातून काढा. १९८९ ला अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून जवळपास चार कोटी लिटर कच्चं तेल सांडलं तेव्हा किनाऱ्यावरच्या जिवाणूंनाच खत देऊन कामाला लावलं होतं. आणि तिथे कामगारांना जपावं लागलं ते जिवाणूंपासून नाही, त्या पातळ खतातल्या ब्यूटॉक्सीइथेनॉल नावाच्या सॉल्व्हंटपासून, म्हणजे विरघळवणाऱ्या रसायनापासून. म्हणून पाकिटात जिवाणूंसोबत अजून काय काय मिसळलंय ते आधी विचारा.

जीन बदललेले आहेत का, असंही एका ताईंनी विचारलंय. शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी तसा जिवाणू बनवला होता, १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पेटंटही मान्य केलं, पण तो उघड्यावर कधी वापरला गेला नाही. साध्या कल्चरमध्ये नैसर्गिकच असतात. मात्र लेबलवर नुसतं सुडोमोनास, म्हणजे जिवाणूंच्या गटाचं नाव, लिहिलं असेल तर पुढचं नाव मागून घ्या, कारण सुडोमोनास एरुजिनोसा तेल चांगलं खातो पण जखमेत आणि अशक्त माणसाच्या फुफ्फुसात इन्फेक्शन करतो. तो असेल तर घेऊच नका. बाकी कुठलंही कल्चर टाकताना हातमोजे, मास्क घाला, हाताला चीर असेल तर दुसऱ्याला करू द्या.

आता खरा धोका सांगतो. तो तेलातच आहे आणि आपल्या घाईत आहे. एक किलो तेल पचवायला साधारण तीन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणून शेततळ्यात कल्चर ओतलं तर पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतील, तिथे आधी वरचं तेल काढूनच घ्या. शेतातही तसंच, आधी चर खणून तेल अडवा, साचलेलं उपसून घ्या, विहिरीकडे उतार असेल तर हे सगळ्यात आधी. मग वापसा आल्यावर वरची १५-२० सेंटीमीटर माती हलवत राहा, चिखलात हवा जात नाही आणि कोरड्या मातीत जिवाणू काम करत नाहीत.

जिवाणूंना खत म्हणून युरिया किती, तर तेलातल्या १०० भाग कार्बनला १० भाग नत्र या हिशेबाने लिटरभर डिझेलमागे साधारण १५० ग्रॅम बसतो, पण तो एकदम टाकू नका, तीन-चार वेळा विभागून द्या, नाहीतर नायट्रेट झिरपून विहिरीत जाईल आणि तेलापायी दुसरंच दुखणं ओढवून घ्याल. थोडा स्फुरदही लागतो.

जळकं इंजिन ऑईल असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्यात शिसं, जस्त असे धातू असू शकतात आणि धातू कुठलाच जिवाणू खाऊन संपवत नाही. तिथे माती तपासल्याशिवाय चारासुद्धा घेऊ नका.

वास गेला म्हणजे तेल गेलं असं धरू नका. हलका भाग उडून जातो, जड भाग ढेकळात राहतो. एक ढेकूळ फोडून आतल्या कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडून बघा, थेंब मोत्यासारखा वरच बसून राहिला तर आत अजून तेल असायची दाट शक्यता.

आणि शेवटी लॅबला नमुना पाठवायच्या आधी घरीच करता येईल असं, एका डब्यात अर्धी बाजू चांगली माती, अर्धी बाजू ही माती, दोन्ही सारखी ओली, मधोमध दहा गांडुळं सोडा, झाकणाला भोकं पाडा, ४८ तासांनी बघा. सगळी चांगल्या बाजूला सरकली असतील तर पेरणी थांबवा, हवा आणि ओल सांभाळत अजून महिनाभर माती हलवा, मग परत डबा लावा.