घरच्या जेवणातली प्रथिनं आणि कॅलरी अचूक कशा मोजायच्या?

तुम्ही म्हणता की अ‍ॅपमध्ये 'एक वाटी आमटी' शोधली की एका नोंदीत ८० कॅलरी दिसतात, दुसरीत २१०, आणि यातली खरी कोणती ते कळत नाही. दोन्ही खऱ्या असू शकतात. ज्याने ती नोंद केली त्याच्या घरची आमटी तशीच असेल. तुम्हाला तुमच्या घरचं पातेलं तोलावं लागेल, दुसरा उपाय नाही.

माझ्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे. ताटात कर्बोदकं किती, यावर तिचा जेवणाआधीचा इन्सुलिनचा डोस ठरतो, आणि तो हिशेब डॉक्टरांनी आखून दिलाय. त्यामुळे आमच्याकडे रोज दोन वेळा मोजणं होतं. तुम्हाला प्रथिनं आणि कॅलरी हव्या आहेत, पण रीत तीच.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो पेलणारा वजनकाटा घ्या. कच्चं सामान तोला, रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा आणि पदार्थ झाल्यावर पातेल्यासकट पुन्हा तोला. परवाची आमटी सांगतो. तूरडाळ १५० ग्रॅम, फोडणीचं तेल १८, गूळ १५, ओलं खोबरं २०. डाळीच्या साधारण ४९५ कॅलरी, तेलाच्या १६२, गूळ-खोबऱ्याच्या मिळून १३० च्या आसपास. एकूण ७८५, आणि प्रथिनं ३३ ग्रॅम. पातेलं रिकामं ७६० ग्रॅमचं, भरलेलं २०१० भरलं, म्हणजे आमटी १२५० ग्रॅम. ताटातल्या वाटीत १५० ग्रॅम आली, तर त्या वाटीत ९४ कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम.

हा चारचा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी पुन्हा पुन्हा हिशेब तपासला. डाळ म्हणजे प्रथिनं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण वाटीत बहुतेक पाणीच असतं. त्या दिवशी ऐनवेळी पाहुणे आले असते आणि आईने पाणी वाढवून आमटी १६०० ग्रॅम केली असती, तर त्याच वाटीत ७४ कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं आली असती. डाळ तेवढीच, वाटी तीच. अ‍ॅपमधले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत याचं मोठं कारण हे पाणी.

कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत तर सगळ्यात महागात पडते. १०० ग्रॅम तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी असतात, १०० ग्रॅम भातात साधारण १३०. भात तोलून नोंद तांदळाची निवडली, की हिशेब अडीच पटींहून जास्त चुकतो. मी नेहमी कच्च्याचीच नोंद घेतो. २०० ग्रॅम तांदळाचा ५८० ग्रॅम भात झाला, तर १०० ग्रॅम भातात साडेचौतीस ग्रॅम तांदूळ, एवढंच गणित. भाकरी तर मी तोलतच नाही, तव्यावर तिचं पाणी किती उडेल याचा नेम नसतो. ३०० ग्रॅम पिठाच्या सहा भाकरी झाल्या की एकीत ५० ग्रॅम पीठ.

आता तुमचा दुसरा प्रश्न: सासूबाई सगळं अंदाजाने घालतात, त्यांना कसं मोजायला लावायचं? लावू नका. मी तीच चूक केली होती. पहिल्या आठवड्यात आईला प्रत्येक जिन्नस वाटीत काढून तोलायला लावला. चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने रांधणारी बाई प्रत्येक चिमटीला थांबायला लागली. एकदा फोडणी करपली, एकदा भाजी अळणी झाली. तिने काही बोलून दाखवलं नाही, पण मला फार वाईट वाटलं. मग उलटी रीत धरली. स्वयंपाकाआधी मी तेलाची किटली, पिठाचा डबा आणि दाण्याच्या कुटाची बरणी तोलून ठेवतो, आणि ओटा आवरल्यावर पुन्हा तोलतो. जेवढं घटलं तेवढं जेवणात गेलं. भाकरी थापताना लागलेलं पीठही यात आपोआप धरलं जातं. आईच्या स्वयंपाकात कुठेही आडकाठी येत नाही. आणि तिची मूठ? कुटाची मूठ मी दहा वेळा तोलली, दर वेळी ३८ ते ४२ ग्रॅमच्या मध्येच भरली. आता तिने 'दोन मुठी' म्हटलं की मी सरळ ८० लिहितो.

तेल, तूप, कूट, खोबरं आणि साखर-गूळ यांच्याकडे सगळं लक्ष द्या. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, त्यामुळे जेवणाचा एक मोठा चमचा जास्त पडला की शंभरेक कॅलरी वाढतात. ४० ग्रॅम कुटात दोनशेच्या वर असतात. कोथिंबीर, मिरची, आलं तोलत बसू नका. तळणाचं म्हणाल तर कढई तेलासकट आधी आणि नंतर तोला (नंतर म्हणजे पूर्ण गार झाल्यावर, घाई करू नका), फरक पुऱ्यांत गेला असं धरा. रश्शाची मात्र सरासरी फसवी असते. तेल वर तरंगतं, म्हणून वरची तर्री घेणाऱ्याच्या आणि खालचं घेणाऱ्याच्या वाटीत बराच फरक पडतो. ढवळून वाढा. मटण-चिकन असेल तर जेवणानंतर ताटातली हाडं तोलून वजा करा.

कच्च्या जिनसांचे आकडे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून घेतो. त्यात आपल्याकडचे ५२८ खाद्यपदार्थ आहेत, देशभरातून नमुने आणून तपासलेले. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऊर्जा तिथे किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८४ ने भागलं की कॅलरी मिळतात. आणि त्यातल्या कर्बोदकांतून तंतू आधीच वजा केलेले आहेत, तर अमेरिकी तक्त्यांत ते धरलेले असतात. बरीच अ‍ॅप्स अमेरिकी आकडे वापरतात, म्हणून एकाच तूरडाळीची कर्बोदकं दोन ठिकाणी वेगळी दिसतात. आमच्यासाठी हा फरक डोसाचा होता आणि तो कळायला मला दोन महिने लागले. कुठलाही एकच तक्ता धरा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

दशांशाच्या मागे लागू नका. डाळीच्या वाणागणिक, जमिनीगणिक थोडा फरक पडतोच. जीवनसत्त्वांसाठी ही रीत चालणार नाही, कारण शिजवताना त्यातली काही नष्ट होतात.

हे किती दिवस करावं लागेल, असंही तुम्ही विचारलंय. आमच्या घरी फिरून फिरून पंचवीसेक पदार्थच होतात. ते एकदा वहीत उतरले की रोज फक्त तेल, मुख्य धान्य-डाळ आणि झालेलं पातेलं तोलायचं, पाच मिनिटांचं काम. मागच्या दिवाळीत दोन नवी पातेली घेतली. दुकानदाराने नेहमीप्रमाणे काय नाव घालायचं विचारलं. मी आईचं नाव सांगितलं, आणि त्याखाली पातेल्याचं वजन घालून घेतलं.