इंग्लंडच्या लोकसंगीताची गोडी तुम्हाला कशी लागली? मी ऐकायला सुरुवात कुठून करू?

मला ती रात्रपाळीत लागली. लेस्टरमधल्या एका वृद्धाश्रमात मी तीन वर्षं रात्रीची ड्यूटी केली. तिथल्या एका आजोबांच्या उशाशी छोटा रेडिओ असायचा. १२ वाजून ४८ मिनिटांनी बीबीसी रेडिओ ४ वर लागणारा समुद्राच्या हवामानाचा अंदाज ऐकल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. आधी एक संथ सूर वाजतो, मग सपाट आवाजात समुद्राच्या भागांची नावं सुरू होतात: टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर... पुढे वारा, पाऊस, किती लांबचं दिसेल ते. सुरुवातीला मला ती नुसती यादी वाटायची. महिन्याभरात तिची लय कानात बसली. आजोबा हंबर खाडीच्या काठचे. ते नाव आलं की त्यांचं एक बोट चादरीवर हलकेच टेकायचं.

त्याआधी आम्ही रेडिओ ३ वर ‘लेट जंक्शन’ लावून ठेवायचो. १९९९ पासूनचा हा कार्यक्रम. त्यात दलदलीतल्या पक्ष्यांचे आवाज विरतात न विरतात तोच कुणीतरी एकटंच, साथीला काहीही न घेता गायला लागायचं. रेडिओवर गाणं पुढे ढकलता येत नाही, हे फार बरं होतं. हातातल्या फोनवर असतं, तर पहिल्या दहा सेकंदांतच मी ते बदललं असतं.

तर सुरुवात जोसेफ टेलरपासून करा. हा हंबरच्याच दक्षिणेकडच्या लिंकनशायरचा, एका इस्टेटीवरचा कारभारी. संगीतकार पर्सी ग्रेंजर १९०६ मध्ये त्या भागातल्या गायकांचे आवाज मेणाच्या सिलिंडरवर घेत हिंडला, आणि १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने टेलरच्या तबकड्या काढल्या. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. त्याचं ‘ब्रिग फेअर’ ऐका. कडवी दोनच. खरखर एवढी की आधी वाटतं, काही ऐकूच येणार नाही. मग आवाज वर येतो, आणि एखाद्या शब्दावर तो इतकी बारीक मुरकी घेतो की ती ऐकायला पुन्हा मागे जावं लागतं. बरेच संग्राहक मूळ चाल तेवढी टिपून घेत. ग्रेंजर मात्र ती मुरकी, ती लयीची ओढाताणही कागदावर उतरवायचा. माझ्या मते गाणं तिथेच आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर चालते, इथे ती गाणाऱ्याच्या दमावर चालते.

मी हे आजोबांना फोनवरून ऐकवलं. गाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, “माझे आजोबा असंच बोलायचे.”

नंतर ससेक्सच्या रॉटिंगडीन गावातलं कॉपर घराणं ऐका. दोन वेगळ्या सुरांत मिळून गाण्याची रीत त्यांनी पिढ्यानपिढ्या जपली आहे. शर्ली कॉलिन्सही त्याच ससेक्सच्या. आवाज गेल्यामुळे त्या कित्येक दशकं गाऊ शकल्या नाहीत, आणि २०१६ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, ‘लोडस्टार’ हा अल्बम घेऊन परत आल्या. लोक त्यांच्या तरुणपणीच्या आवाजाची तारीफ करतात. मला हा खाली उतरलेला, थकलेला आवाज जास्त जवळचा वाटतो.

पक्ष्यांचे, जागेचे आवाज आवडत असतील तर एक ध्वनिमुद्रण नक्की शोधा. सरे परगण्यातल्या एका बागेतून बीबीसी दरवर्षी नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं थेट ऐकवायची. १९ मे १९४२ च्या रात्री तयारी चालू असताना वरून १९७ ब्रिटिश बॉम्बर विमानं जाऊ लागली. हे हवेत गेलं तर जर्मनांना सुगावा लागेल, हे ओळखून तंत्रज्ञाने प्रक्षेपण तोडलं. तबकडीवर मुद्रण मात्र चालूच राहिलं. विमानांची घरघर हळूहळू वाढत सगळं भरून टाकते, पुन्हा दूर जाते, आणि पक्षी सबंध वेळ गातच असतो.

हे सगळं इंटरनेटवर सापडतं. टेलर ऐकलात की कसा वाटला ते इथे लिहा, पुढची चार नावं सुचवते.